अकरा स्ट्रिपांची पिशवी घेऊन ज्येष्ठांच्या ओपीडीत

घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल आणि ते तीन-चार डॉक्टरांची औषधं एकाच वेळी घेत असेल, तर रेसिडेंट डॉक्टर जिथे शिकतात अशा मोठ्या रुग्णालयातली ज्येष्ठांची ओपीडी एकदा गाठाच. आमच्या अण्णांना नाशिकमधल्या अशाच एका ओपीडीत गेले काही महिने नेते आहे. रुग्णालयाचं नाव इथे घालत नाही. तपासणारी मुलं अजून शिकताहेत आणि मी त्यांच्या उणिवाही लिहिणार आहे. नावानिशी शेरा मारला की तो त्या पोरांच्याच माथी बसतो, आणि ते मला नको आहे. जेल रोडच्या आमच्या गिऱ्हाइकांना मी तोंडी सांगतेच.

माझं जेल रोडला मेडिकल आहे. डी.फार्म. करून काउंटरला उभी राहिले ती आजतागायत. दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचते, त्यामुळे कुठला डॉक्टर माणूस बघून लिहितो आणि कुठला नुसता रिपोर्ट बघून, हे आता कागदावरूनच कळतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याऐंशी, करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त, स्वभावाने तापट पण कान आणि डोकं शाबूत. गेल्या पावसाळ्यात रात्री बाथरूमकडे जाताना दोनदा पडले. हाड मोडलं नाही हे नशीब. एक्स-रे काढला, कॅल्शियम दिलं, “या वयात व्हायचंच” असं ऐकून आम्ही घरी आलो. मला ते काही पटलं नाही.

ओपीडीत पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होती, परभणीकडची. तिने आधी खुर्ची अण्णांच्या समोर ओढून घेतली आणि मास्क खाली करून बोलली, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. प्रश्न मला नाही विचारले, त्यांना विचारले. एवढ्या साध्या गोष्टीवर मी खूश झाले, कारण आतापर्यंत सगळे डॉक्टर अण्णांच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलायचे आणि अण्णा मग मुद्दाम गप्प बसायचे. “अण्णा, तुम्हाला पुन्हा काय करता आलं पाहिजे असं वाटतं?” हा तिचा पहिला प्रश्न. अण्णा म्हणाले, “सकाळी मुक्तिधामच्या देवळात एकट्याने जायचंय. सून बरोबर नको.” तिने ते जसंच्या तसं केसपेपरवर सगळ्यात वर लिहिलं. नंतरच्या प्रत्येक खेपेला नवा डॉक्टर तिथूनच सुरुवात करतो : मुक्तिधाम जमलं का?

मग पिशवी. आम्हाला फोनवरच सांगितलं होतं की घरात असेल ते सगळं आणा, मलम, थेंब, काढा, चूर्णसुद्धा. टेबलावर अकरा स्ट्रिपा निघाल्या. एकेक उचलून ती विचारत होती : ही कुणी दिली, कशासाठी दिली, ते कारण आज शिल्लक आहे का? शेवटचा प्रश्न माझ्या इतक्या वर्षांत मी कुठल्या डॉक्टरच्या तोंडून ऐकला नव्हता. गोळी सुरू कोण करतो ते चिठ्ठीवर असतं. ती बंद कुणी करायची हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आमच्या घरात घडलं ते असं. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन दहा मिलिग्रॅम चालू होती. तिच्याने घोट्याशी सूज येते. दहाच्या डोसला तर बऱ्याच जणांना येते. सूज दाखवायला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड दिली. त्या सुजेला खरं तर या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. लघवीला रात्री तीन-चारदा उठावं लागायला लागलं, झोप मोडली, म्हणून तिसऱ्या ठिकाणाहून झोपेची अल्प्राझोलाम आली. झोपेच्या गुंगीत, रक्तदाब खाली आलेला असताना, काळोखात बाथरूमकडे चाललेला चौऱ्याऐंशीचा माणूस पडणार नाही तर काय? सुजेबद्दल मी एका डॉक्टरांना फोन करून विचारलंही होतं. “चिठ्ठीवर लिहिलंय ते द्या, बाकीचं आमच्यावर सोडा,” असं उत्तर मिळालं होतं. या मुलीने ती अख्खी साखळी दहा मिनिटांत केसपेपरच्या मागच्या बाजूला बाणांनी काढून दाखवली. एका औषधाचा त्रास नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, त्यावर तिसरं. डॉक्टरी शिक्षणात याला आता स्वतंत्र नाव आहे आणि ते ओळखायचं कसं हे मुद्दाम शिकवतात, असं ती म्हणाली.

बाकीच्या स्ट्रिपांचंही असंच. पाय चुरचुरतात म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन होती, तिच्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबू शकते आणि डोक्यात गोंधळ होऊ शकतो. सर्दीची गोळी, जी लोक आमच्याकडून चॉकलेटसारखी मागून नेतात, तिच्यातली क्लोरफेनिरामिन त्याच जातीची. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड होती आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.२ होती. तरुण माणसाला हा आकडा शाबासकीचा आहे. चौऱ्याऐंशीच्या माणसाला, तेही ही गोळी घेत असताना, हा आकडा म्हणजे साखर कधी तरी खूप खाली जात असू शकते याची खूण. या वयात आणि इतके आजार असताना आठपर्यंत चालतं, असं तिने समजावून सांगितलं. आणि हो, अण्णांच्या खिशातली ज्येष्ठमधाची कांडीही तिने बाहेर काढायला लावली. रोज चघळल्याने ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतो. फ्युरोसेमाइडही पोटॅशियम कमीच करते. कांडीबद्दल आजवर एकाही डॉक्टरने विचारलेलं नव्हतं.

अमेरिकेत मार्क बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती अजून वेळोवेळी सुधारून निघते, २०२३ मध्येही निघाली. त्या यादीचा मराठी टिपणांसकट छापलेला कागद या ओपीडीत प्रत्येक रेसिडेंटच्या अ‍ॅप्रनच्या खिशात असतो. घडी घालून कडा फाटलेला तो कागद बघून मला बरं वाटलं. वापरात असलेलाच कागद असा फाटतो.

तपासणी मी जवळ उभं राहून बघितली, म्हणून नीट सांगते. आधी अण्णांना पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि रक्तदाब मोजला : १३८ वर ८०. मग हळूच उभं केलं, पट्टा दंडावर तसाच ठेवून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजला. तिसऱ्या मिनिटाला वरचा आकडा ११० आला. उभं राहिल्यावर वरचा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर ते धोक्याचं. बसलेल्या माणसाचा रक्तदाब घेऊन “उत्तम आहे” म्हणणाऱ्यांना हे कधी दिसणारच नाही. “चक्कर येते का?” एवढ्यावरही ती थांबली नाही. खोली गरगरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की पाय रेटत नाहीत आणि तोल जातो, असं तीन तऱ्हेने विचारलं, कारण तिन्हीची कारणं निराळी. अण्णांनी “अंधारी” म्हटलं.

त्यानंतर चालण्याची चाचणी. फरशीवर खुर्चीपासून तीन मीटरवर निळी चिकटपट्टी लावलेली आहे. हाताची खुर्ची, तिच्यातून उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. अण्णांना एकोणीस लागले. पण ती नुसती घड्याळ बघत नव्हती. उठताना हातांवर किती जोर दिला, वळताना किती छोटी पावलं टाकली, पायातली सैल चप्पल कशी फटफटली, सगळं बोलून दाखवत होती, आणि शेजारी उभा असलेला पहिल्या वर्षाचा मुलगा लिहून घेत होता. तेवढ्यात मागून त्यांच्या मॅडम आल्या. त्यांनी त्या मुलाला विचारलं, “वळताना त्यांनी भिंतीला हात लावला, तो कुठला? मग घरी बाथरूमच्या वाटेवर कठडा कुठल्या बाजूला लावायला सांगशील?” त्याला सांगता आलं नाही. मॅडम ओरडल्या नाहीत. अण्णांची परवानगी घेऊन पुन्हा एकदा चालायला लावलं आणि मुलाला म्हणाल्या, आता बघ. शिकवणं म्हणतात ते हे.

औषधं एकदम बंद केली नाहीत, हेही सांगते. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम बघितलं, मग अ‍ॅम्लोडिपिन पाचवर आणून बरोबर दुसऱ्या गटातली कमी डोसची गोळी दिली. फ्युरोसेमाइड थांबवली. अल्प्राझोलाम मात्र आठवड्यांच्या हिशोबाने पाव-पाव गोळी कमी करत आणताहेत. ती अचानक सोडली तर झोप पार उडते, घाम सुटतो, फिटसुद्धा येऊ शकते. हे वाचून कुणी घरच्या आजोबांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, हात जोडून सांगते. आज अण्णांच्या सहा गोळ्या आहेत. रात्री एकदाच उठतात. सूज उतरली आहे.

जाताना हातात दिलेला कागद मला सगळ्यात आवडला. मोठ्या अक्षरात मराठीत, सकाळसमोर सूर्य, रात्रीसमोर चंद्र, आणि खाली वेगळ्या चौकटीत “या गोळ्या आता बंद” अशी नावं. बंद केलेल्या औषधांची यादी रुग्णाच्या हातात देणं ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. आमच्या काउंटरला लोक जुनी स्ट्रिप दाखवून “हीच द्या” म्हणतात आणि थांबवलेली गोळी पुन्हा घरात शिरते.

पुढे मॅडमनी मला त्यांच्या एका वर्गाला बोलावलं. औषधाच्या पाकिटांबद्दल दुकानदाराने मुलांशी बोलावं असं त्यांना हवं होतं. वर्ग म्हणजे वॉर्डाशेजारची खोली, तिथे दहा-बारा रेसिडेंट. नुसते मेडिसिनचे नव्हते, हाडांचे, सर्जरीचे आणि भूल देणारेही होते. त्यांना जुन्या चष्म्यांच्या काचांना व्हॅसलिन फासून दिलं होतं, कानात कापसाचे बोळे, हातात जाड रबरी मोजे, आणि बुटात चण्याचे दाणे. मग मी त्यांच्यापुढे स्ट्रिपा ठेवल्या आणि म्हटलं, यातली अर्धी गोळी काढून दाखवा, एक्स्पायरी वाचा, आणि रक्तदाबाची कुठली, साखरेची कुठली ते सांगा. दोन्ही स्ट्रिपा चांदीच्या, दोन्ही गोळ्या पांढऱ्या, गोल. हाडांचा एक उंच मुलगा गोळी दाबत राहिला, ती टप्पकन उडून कपाटाखाली गेली, आणि दाणे टोचत असल्यामुळे त्याला वाकून ती काढता येईना. खोलीत कुणी हसलं नाही. त्याने स्वतःच विचारलं, “मग माझे पेशंट अर्धी गोळी घेतात तरी कशी?” मी सांगितलं, बरेचसे घेतच नाहीत, किंवा अख्खी घेतात. त्या दिवसापासून तो मुलगा शक्य असेल तिथे अर्धी करावी लागू नये अशी, हव्या तेवढ्याच ताकदीची अख्खी गोळी लिहितो. ते मला त्याच्या चिठ्ठ्यांवरून माहीत आहे.

इतर विभागांची मुलं त्या खोलीत होती याला मी इतकं महत्त्व का देते? आपल्याकडे म्हातारपणाच्या औषधोपचाराचे खास डॉक्टर फार थोडे आहेत. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९७८ मध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी हा विभाग सुरू केला आणि तिथल्या मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाची एमडी १९९६ मध्ये आली. एवढ्या वर्षांनंतरही जागा मोजक्याच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं दहा कोटींहून अधिक होती, आज कितीतरी जास्त असणार. म्हणजे तुमच्या-आमच्या आजीला रात्री दोन वाजता वॉर्डात बघणार आहे तो हाडांचा नाहीतर सर्जरीचा रेसिडेंटच. त्याला हे यायला हवं.

न आल्यावर काय होतं ते मी माझ्या आईच्या वेळी बघितलं आहे, दुसऱ्या एका रुग्णालयात. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या रात्री आई घरातल्या गेलेल्या माणसांशी बोलायला लागली, सलाईन ओढून काढलं, मला ओळखेना. पहाटे जाते तर तिचे दोन्ही हात बँडेजने कॉटला बांधलेले. “म्हातारपणात डोकं फिरतं, काय करणार,” असं मला ड्युटीवरच्या पोराने सांगितलं. त्याला डेलिरियम म्हणतात, तो अचानक येतो, तासातासाला कमी-जास्त होतो, आणि त्याच्या मागे बहुतेक वेळा शोधून काढता येईल असं कारण असतं : लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, वेदना, कमी झालेलं सोडियम, नवी गुंगीची गोळी. बांधल्याने तो वाढतो. आईचा चष्मा आणि कानाचं यंत्र सगळा वेळ कपाटात होतं. ते कुणाला सुचलंच नाही. तो मुलगा वाईट नव्हता, तासन्‌तास ड्युटी करून डोळे लाल झालेले होते. त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. आई त्या आजारातून उठली खरी, पण पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही.

म्हणून या ओपीडीच्या वॉर्डात मी मुद्दाम चक्कर मारून आले. प्रत्येक कॉटशेजारी समोर दिसेल असं घड्याळ आणि मोठ्या अक्षरात वार-तारखेचा फळा. राउंडला रेसिडेंट प्रत्येकाला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात, म्हणजे लक्ष टिकतं का ते कळतं. गप्प पडून राहणाऱ्या आजीकडे त्यांचं जास्त लक्ष असतं, कारण शांत डेलिरियम सहज नजरेतून सुटतो. लघवीची नळी कुणाला का ठेवली आहे, आज काढता येईल का, हा प्रश्न रोज. रात्री दोनला उठवून रक्तदाब घेणं गरज नसेल तर बंद. आणि ज्याला बसता येतं त्याला जेवण खुर्चीत, कॉटवर नाही. थोडे दिवस पडून राहिलं तरी म्हाताऱ्या माणसाच्या पायातली ताकद झपाट्याने जाते.

आता खटकलं ते. रेसिडेंट बदलत राहतात. परभणीची मुलगी महिन्याभराने दुसरीकडे गेली, पुढच्या वेळी अण्णांना सगळं पुन्हा सांगावं लागलं आणि ते चिडले. फाइल चांगली लिहिलेली असते, पण विश्वास फाइलमध्ये बसत नाही. निदान सहा महिने तरी एकच डॉक्टर बघेल अशी काही व्यवस्था हवी. काही मुलं बाहेरच्या राज्यांतून येतात. एकाकडे प्रश्न देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी होती, प्रयत्न अगदी मनापासून, पण बागलाणातल्या एका आजीने अहिराणीत उत्तर दिलं तेव्हा तो सिस्टरकडे बघत राहिला. सिस्टर दर वेळी असेलच असं नाही. थांबावं फार लागतं. दोन तास धरून चला, आणि बाकांना पाठ नाही. जिथे माणसं पडू नयेत म्हणून एवढं शिकवतात, तिथल्या स्वच्छतागृहात कमोडशेजारी धरायला कठडा नाही. तक्रारवहीत मी लिहिलं आहे, मॅडमनीही वर लिहिलं आहे. पुढच्या खेपेला पुन्हा लिहीन.

आणखी एक मागणी, ती रुग्णालयाकडे नाही. राज्यभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. बालरोग बघितल्याशिवाय कुणी डॉक्टर होत नाही. तसंच हाडांच्या, सर्जरीच्या, भूल देण्याच्या रेसिडेंटलाही महिनाभर ज्येष्ठांच्या वॉर्डात काम केल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. आताच्या नियमाने प्रत्येक रेसिडेंटला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. तिथे जाताना हे शिकून गेले तर सुरगाणा-पेठकडच्या आजीलाही त्याचा उपयोग होईल.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, खाणं आणि पाणी बरोबर ठेवा. सगळी औषधं मूळ स्ट्रिपेत न्या, डब्यात काढलेली नकोत. चष्मा, कानाचं यंत्र, दात आणि रोजच्या वापरातल्या चपला घालूनच न्या, नव्या कोऱ्या नकोत. बरोबर जाणारं माणूस रात्री घरात असणारं असावं, पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा नव्हे. पाचपैकी चार तारे देते. पाचवा बाकांसाठी आणि बदलत्या डॉक्टरांसाठी राखून ठेवला आहे.

अण्णा अजून मुक्तिधामपर्यंत एकटे पोचलेले नाहीत. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जाऊन येतात, काठी घेऊन, मागे बांधायचा पट्टा असलेल्या सँडल घालून. चालण्याची वेळ चौदा सेकंदांवर आली आहे, व्यायाम चालू आहेत. मात्र कुणाच्या घरी म्हातारं माणूस तासाभरात अचानक भांबावलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात पडला किंवा बोलणं अडखळलं, तर ही ओपीडी कधी उघडते याची वाट बघू नका. गाडी काढा आणि थेट अपघात विभागात जा, आणि औषधांची पिशवी तेव्हाही बरोबर न्या.